नेट सारखं जातं-येतं: राऊटर बंद-चालू करण्याआधी काय बघायचं

नेट पूर्ण बंद पडलं तर काम सोपं असतं, कुठेतरी काहीतरी तुटलंय आणि शोधलं की सापडतं. जीव खातं ते जातं-येतं करणारं नेट. लाईनमन येतो तेव्हा नेमकं चालू असतं, तो "आता तर व्यवस्थित आहे की" म्हणून निघतो आणि जिना उतरेपर्यंत परत गेलेलं असतं. सीए लोकांची ऑफिसं, दवाखाने, क्लासेस, घरून काम करणारे, अशा सगळ्यांकडे मी हीच दुरुस्ती करत आलोय, आणि बहुतेक वेळा बिघाड छोटाच असतो, फक्त चुकीच्या जागी शोधलेला असतो. नेटवाला बाहेरची लाईन बघतो, आपण नवा राऊटर आणतो, आणि दोष असतो तिसरीकडेच. म्हणून आधी एकच गोष्ट ठरवायची, की बिघाड आपल्या लॅपटॉपपासून राऊटरपर्यंतच्या टप्प्यात आहे की राऊटरच्या पलीकडे. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. (इथे मी घरापर्यंत फायबर आलेली आहे असं धरून चाललोय, आता बहुतेकांकडे तेच असतं.)

लक्षणं

– वायफायला फुल रेंज दाखवतं पण पान उघडत नाही.
– हॉलमधे मस्त चालतं, बेडरूमचं दार लावलं की गेलं.
– यूट्यूब न अडकता चालतं पण मीटिंगमधे आवाज तुटतो. व्हिडिओ पुढचा भाग आधीच भरून ठेवतो त्यामुळे मधे दोन-चार सेकंद नेट गेलं तरी कळत नाही, कॉलमधे लगेच कळतं. म्हणून "व्हिडिओ चालतोय म्हणजे नेट ठीक आहे" हे धरून चालू नका.
– व्हॉट्सॲपचे मेसेज येतात पण वेबसाईट उघडत नाहीत.
– ठरलेल्या वेळीच जातं, रात्री, दुपारी, किंवा लाईट जाऊन आली की.
– ऑफिसमधे सगळ्यांचं एकदम बंद पडतं, किंवा निम्म्या लोकांना प्रिंटर सापडत नाही आणि टॅली मधेच अडकतं.

आपलं लक्षण यातलं कुठलं आणि ते साधारण किती वाजता होतं हे कागदावर लिहून ठेवा. वेळ फार काही सांगून जाते, ते पुढे येईलच.

दिवे बघा, आणि तोवर स्विचला हात लावू नका

नेट गेलं की हात आपोआप स्विचकडे जातो, तो आवरा. बंद-चालू केलं की सगळे दिवे नव्याने लागतात, नेट थोडा वेळ चालतं आणि कशामुळे गेलं होतं त्याची खूण पुसली जाते. आधी मोबाईलवर डब्याचा, म्हणजे फायबर ज्यात येऊन लागते त्या यंत्राचा, फोटो काढा (बऱ्याच घरी हाच राऊटरही असतो). फायबरच्या डब्यावर पॉन, लॉस, इंटरनेट, लॅन अशी नावं असतात. लॉसचा दिवा लाल चमकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये, म्हणजे फायबर तुटली, दबली किंवा जॉइंट गेला. पॉनचा दिवा स्थिर असायला हवा, तो लुकलुकत राहिला तर डबा नेटवाल्याच्या मशीनशी जोडायचा प्रयत्न करतोय आणि जमत नाहीये. पॉन स्थिर, लॉस बंद, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला असेल तर लाईन ठीक आहे आणि लॉगिन अडकलंय, अशा वेळी आधी रिचार्ज संपला नाही ना ते बघा, हे खरंच होतं. आणि सगळे दिवे जसेच्या तसे असताना नेट नसेल तर संशय घराच्या आत घ्यायचा.

दोन पिंग

पिंग म्हणजे समोरच्या मशीनला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं. ही फुकटची तपासणी आहे आणि सगळ्यात कामाची आहे. विंडोजमधे स्टार्टला सीएमडी टाइप करा, काळी विंडो उघडेल, त्यात आयपीकॉन्फिग (इंग्रजीत, मधे जागा न सोडता) लिहून एंटर मारा. डिफॉल्ट गेटवे म्हणून जो आकडा येतो तो आपला राऊटर, बऱ्याचदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता दोन विंडो शेजारी शेजारी उघडा, एकीत पिंग, मग तो गेटवेचा आकडा आणि शेवटी मायनस टी, दुसरीत पिंग, ८.८.८.८ (हा गूगलचा, म्हणजे घराबाहेरचा सर्व्हर) आणि मायनस टी. मायनस टी लावलं की बंद करेपर्यंत ते चालूच राहतं. दोन्ही चालू ठेवून आपलं काम करत बसा आणि नेट अडकलं की लगेच बघा.

राऊटरच्या विंडोत केबलवर १ मिलिसेकंदाच्या आत आणि वायफायवर एकेरी आकड्यात उत्तरं यायला हवीत. तिथेच आकडे दोनशे-तीनशेवर उड्या मारतायत किंवा रिक्वेस्ट टाइम्ड आउट येतंय, तर बिघाड घरातला आहे, नेटवाल्याला फोन करून उपयोग नाही, तो येऊन डब्याला केबल लावून स्पीड दाखवेल आणि त्याचं बरोबरच असेल. राऊटरची उत्तरं सुरळीत येतायत आणि फक्त ८.८.८.८ तुटतंय, तर बिघाड पलीकडे आहे आणि या विंडोचा स्क्रीनशॉट हा तुमचा पुरावा. दोन्ही सुरळीत आहेत तरी साईट उघडत नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारं डीएनएस अडकतंय, राऊटरमधे किंवा लॅपटॉपमधे डीएनएस हाताने ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका, व्हॉट्सॲप चालू-साईट बंद हा प्रकार पुष्कळदा इथेच संपतो.

एवढं केलं की निम्मा रस्ता कापला. लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला लावूनही हेच करून बघा. केबलवर ठीक आणि वायफायवर गडबड म्हणजे वायफाय. केबलवरही गडबड असेल तर मग अडॅप्टर, केबल किंवा राऊटर.

घराच्या आतला बिघाड

आधी जागा. फायबर दारातून आत येते म्हणून डबा दाराशीच चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे ठेवलेला असतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फिशटँक आणि आरसीसीची भिंत या चार गोष्टी वायफायला सगळ्यात जास्त अडवतात. डबा उंचावर, उघड्यावर, घराच्या मध्याकडे आणा. लाईनमनने लांब केबल दिली नसेल तर डबा तिथेच राहू दे, त्यातून लॅन केबल काढून दुसरा राऊटर आत लावा. बाजारात मिळणारा भिंतीच्या प्लगमधला रिपीटर मी शक्यतो लावू देत नाही, साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो आणि फोन रेंज फुल दाखवून अडकत राहतो.

मग बँड, म्हणजे वायफाय ज्या लहरींवर चालतं तो पट्टा. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो पण फ्लॅटच्या इमारतीत तिथे तुडुंब गर्दी असते. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. राऊटर ऑटोवर असेल तर हाताने यातला एक निवडा, मोबाईलवरच्या वायफाय अॅनलायझर प्रकारच्या ॲपमधे शेजाऱ्यांची गर्दी कुठे कमी आहे ते दिसतं. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्यामुळे जेवणाच्या वेळी किचनजवळ नेट अडकत असेल तर कारण समजलं. यूएसबी ३ ची हार्डडिस्क लॅपटॉपला लावली की २.४ वरचं वायफाय घसरतं हेही खरं आहे, तिची केबल याच फ्रिक्वेन्सीत गोंगाट करते, डिस्क थोडी लांब ठेवा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

५ गिगाहर्ट्झ जवळ असाल तर उत्तमच, पण त्यात एक भानगड आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. चॅनल ५२ ते १४४ या पट्ट्यात विमानतळांची आणि हवामानाची रडारंही चालतात. राऊटरला रडारसारखा काही सिग्नल ऐकू आला की त्याला तो चॅनल लगेच सोडावा लागतो आणि अशा दुसऱ्या चॅनलवर जाण्याआधी निदान मिनिटभर नुसतं ऐकत थांबावं लागतं. आपल्याला दिसतं काय, तर ५ गिगाहर्ट्झचं नाव अचानक गायब आणि मिनिटा-दोन मिनिटांनी परत हजर. हे जर तुमच्याकडे होत असेल, विशेषतः विमानतळाच्या आजूबाजूला राहत असाल, तर राऊटरमधे चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला हाताने ठेवा आणि दोन दिवस बघा.

एकाच लॅपटॉपवर तक्रार असेल तर राऊटरला हात लावू नका. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधे नेटवर्क अॅडॉप्टरवर जाऊन पॉवर मॅनेजमेंटमधे वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी अशी टिक असते, ती काढा. चार्जरवर ठीक आणि बॅटरीवर नेट जातं हे त्याचं लक्षण. मग वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून टाका.

संध्याकाळीच अडकतं त्यांच्यासाठी: घरातले सगळे परत आले, फोन चार्जिंगला लागले, आणि वायफाय आणि चार्जिंग दोन्ही मिळाल्यावर फोन फोटोंचा बॅकअप सुरू करतात. अपलोडची लाईन भरली की राऊटरमधे रांग लागते आणि ८.८.८.८ चा पिंग वीसवरून सहाशेवर जातो. बॅकअप थांबवून पिंग बघा, लगेच खाली आला तर दोष लाईनचा नाही. बॅकअपची वेळ रात्रीची करा, किंवा राऊटरमधे अपलोडला मर्यादा घालायची सोय असेल तर ती वापरा.

वीज आणि अडॅप्टर

याला लोक फार कमी महत्त्व देतात आणि माझ्या अनुभवात जाता-येता नेटचं हे मोठं कारण आहे. डब्याचा अडॅप्टर वर्षानुवर्षं चोवीस तास चालू असतो, आतले कॅपॅसिटर सुकतात, व्होल्टेज भाराखाली खाली येतं आणि डबा मधेच स्वतःहून रिस्टार्ट होतो. वायफायवर पाच-सहा फोन आले की बंद पडतो, एकटं असलं की चालतो, असं दिसलं तर आधी अडॅप्टर बदलून बघा, दोनशे-तीनशे रुपयांचं काम आहे. डब्याच्या खाली लिहिलेलं व्होल्टेज अगदी तेच हवं, १२ म्हणजे १२, ९ चा किंवा २४ चा चालणार नाही. अँपिअर तेवढाच किंवा जास्त, १ च्या जागी १.५ किंवा २ चालतो. पिनची पोलॅरिटीही (प्लस आत की बाहेर) तीच हवी, चित्र दोन्हीवर छापलेलं असतं, ते जुळवून मगच लावा.

लाईट जाते तेव्हा इन्व्हर्टर असूनही डबा रिस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा स्विच असतो तो बघा, साध्या मोडमधे वीज बदलायला जो वेळ लागतो तेवढा वेळ डबा विजेविना टिकत नाही. त्यापेक्षा राऊटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या, तो अडॅप्टर आणि डब्याच्या मधे बसतो. यूपीएस असूनही लाईट गेली की नेट जातं? मग तुमच्या नेटवाल्याची मशीन गच्चीवर किंवा जिन्यात कुणाच्यातरी मीटरवर चालतेय आणि तिला बॅकअप नाहीये. एका फायबरचा प्रकाश अनेक घरांना वाटणारा स्प्लिटर बिनविजेचा असतो, तिथे हा प्रश्न येत नाही, पण इमारतीत नेटवर्कचा स्विच (एका लाईनवरून अनेक लॅन केबल काढून देणारा डबा) ठेवून तिथून लॅन केबलने घरोघर दिलेलं असेल तर येतो. हे विचारून घ्या.

आणि ऊन. बहुतेक घरगुती डबे ४० अंशांपर्यंतच चालवा असं कंपन्याच सांगतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात डबा सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला असेल तर दुपारी तो लटकणारच. उचला आणि मोकळ्या हवेत ठेवा.

केबल

लॅन केबलमधे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणून ३०० चा प्लॅन घेऊन स्पीड बरोबर ९५ च्या आसपास अडकत असेल तर एखादी तार तुटलीय किंवा कनेक्टर नीट बसलेला नाही, किंवा मग राऊटरचा पोर्टच १०० चा आहे. केबल हलवली की लिंकचा दिवा विझतो का बघा. कनेक्टर कापून नवा लावायचा तर क्रम पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, दोन्ही टोकांना तोच. बाजारात स्वस्त म्हणून जी केबल मिळते तिच्यात बरेचदा आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो, ती वाकवली की तुटते, लांब अंतराला घेऊ नका. शुद्ध तांब्याचीही मर्यादा १०० मीटर.

फायबरच्या बाबतीत फक्त डोळ्यांनी बघा. डब्यापासून भिंतीपर्यंतची पातळ वायर कुठे घडी पडून वळलीय का, कपाटाच्या दाराखाली सापडतेय का. एके ठिकाणी रोज रात्रीच नेट जायचं आणि सकाळी यायचं, फायबर स्लायडिंग खिडकीच्या पट्टीतून आत आणलेली होती, झोपताना खिडकी ओढून घेतली की वायर दबायची आणि प्रकाश गळायचा. शेजारी छोटं भोक पाडून वायर तिथून घेतली, प्रश्न संपला. वेळ लिहून ठेवा म्हटलं ते याचसाठी.

ऑफिसात असेल तर

सगळ्यांचं एकदम बंद आणि स्विचवरचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकतायत, तर कुणीतरी टेबलाखालची सुटी वायर दिसली म्हणून परत स्विचमधे खोचलीय आणि एकाच वायरची दोन्ही टोकं स्विचमधे गेलीत. साध्या स्विचला हे कळत नाही, तोच तोच डेटा गोल फिरत राहतो आणि सगळं ठप्प होतं. एकेक वायर काढत जा, जिच्यावर दिवे शांत होतील ती.

निम्म्यांचं चालतं, निम्म्यांना प्रिंटर दिसत नाही, तर आयपीकॉन्फिग दोन मशीनवर बघा. एकाला १९२.१६८.१ चा पत्ता आणि दुसऱ्याला १९२.१६८.० चा असेल तर ऑफिसात दोन राऊटर पत्ते वाटतायत, कुणीतरी वायफायसाठी घरचा जुना राऊटर आणून लावलाय. त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या मशीनला कुणीच पत्ता दिलेला नाही, केबल किंवा स्विचचा पोर्ट बघा. प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरीचं मशीन आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर यांना हाताने पत्ता दिलेला असतो आणि राऊटर तोच पत्ता दुसऱ्या कुणाच्या फोनला देऊन टाकतो, मग दोघंही आळीपाळीने तुटतात. राऊटरला शेवटचा आकडा १०० च्या पुढचा असलेलेच पत्ते वाटायला सांगा आणि या मशीनांचा शेवटचा आकडा १०० च्या आत ठेवा.

इथे थांबा

डब्याच्या मागे बारीक भोकात रिसेटचं बटण असतं, ते पिनने दाबू नका. रिस्टार्ट वेगळं आणि रिसेट वेगळं. रिसेट केलं की लॉगिनचं नाव-पासवर्ड, व्हीलॅन (नेटवाल्याने लाईनला दिलेला क्रमांक), लँडलाईनची सेटिंग सगळं पुसलं जातं आणि नेटवाला परत भरेपर्यंत तुम्ही पूर्ण बंद.

लॉसचा दिवा लाल असेल आणि वायर कुठे दबलेली दिसत नसेल तर पुढचं काम तुमचं नाही. फायबरचं टोक काढून त्यात डोळा लावून बघू नका, त्यातला प्रकाश लेझरचा असतो, डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो, आणि तुटलेल्या फायबरची काच हातात रुतली तर सापडत नाही. खांबावर, पत्र्यावर, पावसात गच्चीच्या कठड्यावर चढू नका, नेटची वायर बऱ्याच ठिकाणी विजेच्या खांबावरूनच आलेली असते. जळका वास, फुगलेला अडॅप्टर, किंवा वीज कडाडल्यानंतर मेलेला पोर्ट, यात प्लग काढून ठेवा आणि माणूस बोलवा. ऑफिसात भिंतीतलं वायरिंग आणि रॅकमधली जोडणी टेस्टर नसताना उलगडत बसू नका.

लाईनमनला बोलावताना नुसतं "नेट जातं" सांगू नका. दिव्यांचा फोटो, पिंगचा स्क्रीनशॉट आणि वेळा त्याला पाठवा, तक्रार क्रमांक घ्या. आणि तो आला की त्याच्यासमोर डब्याच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, उघडायला लावा. हा आकडा मायनसमधे असतो, मायनस १५ ते २५ च्या दरम्यान असेल तर चांगला, मायनस २७ च्या पलीकडे गेला की डबा सुटायला लागतो. दर ३ डीबीला, म्हणजे आकडा तीनने खाली गेला की, प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे २४ आणि २७ मधला फरक छोटा नाहीये. पावसात आकडा पडत असेल तर बाहेरच्या जॉइंटच्या डबीत पाणी किंवा घाण गेलीय. तो फायबरच्या टोकाला नवा फास्ट कनेक्टर (नुसता दाबून बसवायचा) ठोकून जायला बघेल, तो लवकर लागतो पण कालांतराने सैल होतो, जिथे वारंवार तक्रार आहे तिथे मशीनने स्प्लाइस करून, म्हणजे फायबर वितळवून जोडून, द्यायचा आग्रह धरा. गणपतीच्या मिरवणुकीआधी आणि पावसाळ्याआधी झाडं छाटताना वरच्या वायरी कापल्या-जोडल्या जातात, त्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर तेही त्याला सांगा, त्याला कुठल्या खांबापासून सुरुवात करायची ते कळतं. काम झाल्यावर नवा आकडा आणि तारीख पट्टीवर लिहून डब्याला चिकटवून ठेवा, पुढच्या वेळी नेट अडकलं की त्याच्याशी ताडून बघता येईल.